हेल्मेटखाली न मावणारा अंबाडा

ऑकलंडमध्ये मी अकरा वर्षं सरळ केसांनी वावरले. ते केस माझे नव्हते असं म्हणता येणार नाही, माझ्याच डोक्यातून उगवलेले होते. फक्त उगवताना ते कुरळे असायचे, आणि दर तीन महिन्यांनी बॉटनी डाउन्समधल्या एका सलूनमध्ये औषध आणि तापलेली पट्टी लावून, वर काळा रंग चढवून त्यांना त्यांची चूक समजावून सांगितली जायची. मधल्या दिवसांत हे काम मी घरीच करायचे. मी पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. म्हणजे सकाळी पाऊण तास केस सरळ करायचे, त्यावर हेल्मेट घालायचं आणि दिवसातून चार वेळा पाऊस पडणाऱ्या शहरात उघड्या खड्ड्याच्या काठावर उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत केस पुन्हा आपल्या मूळ मतावर आलेले असत. यात कोणाला काही विसंगत वाटलं असेल तर त्यांनी मला तसं सांगितलं नाही.

नागपूरच्या शाळेत माझ्या केसांना बरीच नावं होती. झिपरी, स्प्रिंग, घरटं. आई रोज सकाळी तेलाने थापून दोन वेण्या इतक्या आवळून घालायची की पहिल्या तासाला माझ्या भुवया वर गेलेल्या असत आणि बाईंना वाटे, मला धडा फार आवडतोय. पुढे लग्नाचं बघायला लागले तेव्हा एका स्थळाच्या आईने चहा पिता पिता विचारलं, "केस नेहमीच असे असतात की आज हवा आहे?" ज्याच्याशी लग्न झालं त्याने केसांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. त्याचे स्वतःचे तिशीतच गेले, त्यामुळे या विषयात तो पडत नाही.

न्यूझीलंडला आल्यावर सुरुवातीचे कितीतरी महिने मला नोकरी मिळेना. एका मैत्रिणीने सुचवलं, "केस जरा प्रोफेशनल करून घे." मी स्ट्रेटनिंग करून घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात नोकरी लागली. सरळ केसांवरचा माझा विश्वास तिथे पक्का झाला. बऱ्याच वर्षांनी ऑफिसच्या ख्रिसमसच्या जेवणात मी ही गोष्ट साहेबांना रंगवून सांगितली, तेव्हा ते जरा गोंधळले. म्हणाले, "पण तुझी मुलाखत तर फोनवर झाली होती."

ते खरं होतं. मी ते साफ विसरले होते. तरीही मी स्ट्रेटनिंग चालू ठेवलं. इतक्या वर्षांची श्रद्धा एका पुराव्याने मोडत नाही.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये सलूनमधल्या मुलीने औषध लावायच्या आधी माझ्या डोक्यामागे हात फिरवला आणि थांबली. तिने मागे आरसा धरला. टाळूच्या खाली, पाणीपुरीच्या पुरीएवढ्या जागेत, केस बोटाच्या पेराएवढेच उरले होते. गळलेले नव्हते, तुटलेले होते. आजूबाजूचे केसही हातात घेतले की वाळल्या गवतासारखे कट् करून मोडत होते.

"हनी, मी आता याला हात लावणार नाही," ती म्हणाली.

तिच्या धंद्यात हे वाक्य सहसा कोणी बोलत नाही, म्हणून मी घाबरले. दुसऱ्या दिवसापासून मी लोकरीची टोपी घालायला लागले. ऑफिसात कोणी काही विचारलं नाही. फक्त सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले आणि माझी कामं न सांगता वाटून घेऊ लागले. एकाने माझ्या टेबलावर घरी केलेला बनाना ब्रेड आणून ठेवला. मला काय झालंय असं त्यांना वाटत होतं ते माझ्या लक्षात आलं, पण खरं कारण सांगायची लाज जास्त होती. बनाना ब्रेड मी खाल्ला.

घरी माझी सतरा वर्षांची लेक होती आणि तिच्या डोक्यावर माझेच केस होते, दुप्पट. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. केस या विषयावर ती कोणत्याच भाषेत उत्तर देत नसे. याला कारण होतं. ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या फोटोच्या दिवशी मी तिचे केस माझ्या स्ट्रेटनरने सरळ करायला घेतले. ती हलली, मी ओरडले, ती आणखी हलली, आणि पट्टी तिच्या उजव्या कानाला लागली. कानाच्या वरच्या कडेला अजून तांदळाएवढा डाग आहे. फोटो छान आला होता. कान केसांखाली झाकलेला होता. तो फोटो माझ्या आईकडे नागपूरला, टीव्हीच्या बाजूला फ्रेम करून ठेवलेला आहे.

एप्रिलमध्ये आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मुख्याध्यापिका. आल्या आल्या तिने माझी टोपी बघितली, काढायला लावली, बघितलं, आणि म्हणाली, "घाल." एवढंच. मी तीन दिवस पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

ते आलंच नाही, कारण मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. आईच्या डी.एड.च्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर कोणीतरी वर्गाचा जुना काळा-पांढरा फोटो टाकला होता आणि पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या सगळ्या बाया त्यात कोण कुठे उभं आहे यावर तावातावाने वाद घालत होत्या. आईला फोनवर बारीक दिसेना, म्हणून तिने नातीला फोटो मोठा करून मागितला.

लेकीने दोन बोटांनी फोटो ताणला आणि ती थांबली. "आजी, हू इज दिस?"

"कोण?"

"हर. इन द बॅक रो. विथ द हेअर."

आईने चष्मा कपाळावर नेला. "मी."

मीही वाकून बघितलं. मागच्या रांगेत एक किडकिडीत मुलगी ताठ उभी होती. कपाळावरून केसांचे दोन फुगीर वळसे मागे गेलेले, कानांवरून पीळ घालून वर चढवलेल्या बटा, आणि डोक्याच्या अगदी माथ्यावर एक अंबाडा. माथ्यावर घागर ठेवावी तसा. ती मुलगी त्या रांगेत सगळ्यांत बुटकी होती आणि अंबाड्यासकट सगळ्यांत उंच.

"आय वॉन्ट दिस," लेक म्हणाली. "फॉर द बॉल."

मेच्या शेवटी तिच्या शाळेचा बॉल होता. हा इथल्या शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलामुलींचा सूट आणि झगे घालून नाचायचा समारंभ. त्याच्या तयारीपुढे लग्नाची तयारी काहीच नाही. "इट्स सो रेट्रो," ती म्हणाली.

"रेट्रो म्हणजे?" आईने मला विचारलं.

"जुनं. पण चांगल्या अर्थाने."

"मग मला बघून असं कधी कोणी म्हणत नाही ते," आई म्हणाली.

न्यू लिनमधली केस करणारी बाई लेकीनेच शोधली होती. मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून. ती मूळची झिंबाब्वेची, पन्नाशीची, आणि मॉलच्या मागे आपल्या घराच्या पुढच्या खोलीत काम करायची. बॉटनीहून न्यू लिन म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. शनिवारी सकाळी मी गाडी चालवायला गेले. आई फोटोची मालकीण म्हणून आली. माझ्या केसांचा या प्रवासाशी काही संबंध नव्हता, आणि टोपी मी घट्ट ओढून घेतली होती.

खोलीत एक उंच खुर्ची, एक सोफा, भिंतीला टांगलेले कृत्रिम केसांचे झुपके, आणि मोठ्या आवाजात चाललेला चर्चचा कार्यक्रम. बाईने आईला बघताच टीव्ही बंद केला आणि तिला हात धरून सोफ्यावर बसवलं. "या, गोगो," ती म्हणाली. तिच्याकडे आजीला तसं म्हणतात. मग तिने फोनमधला फोटो खूप वेळ निरखला आणि आईकडे वळून विचारलं, "हे आतून कशावर उभं आहे?"

धंद्यातला नेमका प्रश्न होता. आईचा चेहराच बदलला. तिने सांगायला सुरुवात केली आणि भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. गंगावन म्हणजे लावायचे खोटे केस, इथवर मी आले. त्यानंतर आई म्हणाली, "सांग तिला, आधी बाजूचे केस दोनपेडी पीळ घालून वर घ्यायचे, मूळ सैल ठेवायचं, शेंडे आत दाबायचे." मला पीळ या शब्दासाठी इंग्रजीत फक्त इंजिनीअरिंगमधलं टॉर्शन आठवत होतं. मी ते म्हटलं. बाईने माझ्याकडे दयेने बघितलं. मग आईने उठून लेकीच्या केसांची एक बट घेतली, बोटांत फिरवली, आणि बाई म्हणाली, "आह्." त्यापुढे त्या दोघींना माझी गरज लागली नाही. एकीचं शाळेतलं इंग्रजी, दुसरीचं चर्चमधलं, आणि चार हात.

मला आठवतं, लेक त्या खुर्चीत मान खाली घालून शांत बसली होती. माझ्यासमोर ती कंगवा बघून दार लावून घ्यायची. बाई तिचे केस आधी ओले करत होती, बोटांनी गुंता सोडवत होती, शेंड्याकडून मुळाकडे, आणि प्रत्येक गुंत्याला घाई नसल्यासारखी थांबत होती. मी जन्मभर मुळाकडून शेंड्याकडे विंचरत आले. पाइपलाइनमधला अडथळा मी असा काढला असता तर मला कामावरून काढलं असतं.

बॉलच्या आधीची ही फक्त चाचणी होती. ती झाली, लेकीने वेगवेगळ्या बाजूंनी स्वतःचे वीसेक फोटो काढले, आणि मी गाडीची किल्ली हातात घेतली. तेव्हा बाई आईला म्हणाली, "आणि हिचं काय, गोगो?"

आईने माझी टोपी काढली.

दोघी माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. मला त्या दिसत नव्हत्या, कारण त्या खोलीत आरसा नव्हता. बाईचा तो नियम होता. आरसा असला की माणूस मध्येच घाबरतो आणि काम थांबवतो, असं तिचं म्हणणं. एका बोटाने तिने ती पुरीएवढी जागा चाचपली. मग विचारलं, "तू स्वतःचे केस शेवटचे कधी बघितलेस?"

मी हिशेब करू लागले, तर ती म्हणाली, "राहू दे."

तिने सांगितलं ते साधं होतं. औषध बंद, इस्त्री बंद, रंग बंद. चांगले उरलेले केस पीळ घालून, शेंडे आत दडवून, बांधून ठेवायचे, म्हणजे ते ऊन-वारा-उशी कशालाच घासणार नाहीत. दर सहा आठवड्यांनी सोडून, धुऊन, पुन्हा बांधायचे. चार-पाच महिने. "प्रोटेक्टिव्ह स्टाइल," ती म्हणाली. "केस बांधायचे आणि त्यांना विसरून जायचं."

"म्हणजे माझा अंबाडाच," आई म्हणाली.

"पण तुझे केस कुठे असे होते?" मी विचारलं. मला आईचे केस कायम मानेवरच्या घट्ट अंबाड्यातच आठवत होते, किंवा न्हाल्यावर पंच्यात गुंडाळलेले. आता तर ते विरळ, पांढरे आणि वळण हरवलेले आहेत.

"असेच होते. तुझ्यापेक्षा दाट."

"मग कधी दिसले नाहीत ते?"

आई सोफ्यावर बसली. तिने हे मराठीतच सांगितलं, शांतपणे, हजेरी घेतल्यासारखं. "डी.एड.ला गेले तेव्हा वर्गात आपल्या वस्तीतली मी एकटी. काही मुली माझ्या केसांवरून माझं घर ओळखायच्या. ओळखायच्या म्हणजे, तसं बोलून दाखवायच्या. रोज. म्हणून मी केस बांधायला लागले, एक बट बाहेर दिसू नये असे. मग वाटलं, बांधायचेच आहेत तर नीट बांधू. इतका उंच अंबाडा घालायला लागले की माझ्या मागे बसणारीला फळा दिसू नये."

लेकीने फोनमधून मान वर केली. तिला सगळं कळलं होतं. "देन व्हॉट हॅपन्ड?"

"त्यांनी बाईंकडे तक्रार केली. बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं."

"दॅट्स सो अनफेअर."

"हो. पण तिथून ऐकू यायचं," आई म्हणाली. "पहिली आले मी."

मी विचारलं, "आणि मला का इतकं तेल थापून आवळायचीस?"

आईने माझ्याकडे न बघता पिशवीची चेन लावली. "तू पुढच्या बाकावर बसावीस म्हणून."

बाईला आईचा एक शब्द कळला नव्हता. पण तिने उंच खुर्चीची गादी झटकली आणि मला बसायला सांगितलं.

चार तास लागले. बाजूंचे केस पीळ घालून वर, पुढे दोन फुगीर वळसे, मागची तुटकी जागा कृत्रिम केसांच्या मऊ गादीखाली झाकलेली, आणि माथ्यावर अंबाडा. फोटोतल्यासारखाच. बाईने शेवटी आपल्या फोनवर माझा फोटो काढून मला दाखवला. त्यातली बाई माझ्या ओळखीची नव्हती, पण तिच्याशी कोणी हळू आवाजात बोललं नसतं हे नक्की. मला फारच बरं वाटलं. सोमवारचा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही. डोक्यावर जागाही नव्हती.

सोमवारी साइटवर आमच्या नव्या पाइपलाइनची प्रेशर टेस्ट होती. पाइपमध्ये पाणी दाबून भरायचं, ठरलेला वेळ दाब टिकतो का बघायचं, आणि मी सही करायची. मी गाडीतून उतरले, हेल्मेट उचललं, डोक्यावर ठेवलं. ते अंबाड्यावर टेकलं आणि वाऱ्याने खाली पडलं. पट्टा सगळ्यात मोठा केला. ते पुन्हा ठेवलं. आता ते कुंडीवर झाकण ठेवावं तसं तिरकं राहिलं.

साइट मॅनेजर हा एक धिप्पाड, फार सभ्य माणूस आहे. तो माझ्याभोवती अर्धा फेरा मारून आला. "किया ओरा," त्याने माओरीतला नमस्कार केला. "छान दिसतंय. आत येता येणार नाही."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"हेल्मेट डोक्याला लागून, घट्ट आणि सरळ बसलं पाहिजे. नियम आहे."

"माहितेय."

"तूच लिहिलाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, म्हणून जास्त लागलं. साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये भिंतीवर तो नियम लॅमिनेट करून लावलेला होता आणि खाली माझी सही होती. मी त्यात पगडीचा विचार केला होता, हिजाबचा केला होता, दाढीचाही केला होता. कुरळ्या केसांच्या बाईचा विचार मी केला नव्हता.

मी त्या कंटेनरमध्ये बसून फोनच्या व्हिडिओवरून टेस्ट बघितली. साठ पावलांवर माझी पाइपलाइन दाब धरून उभी होती आणि मी माझ्याच सहीखाली खुर्चीत. मध्येच एक तरुण इंजिनीअर पाणी प्यायला आत आला आणि त्याने विचारलं, आज काही फॅन्सी ड्रेस आहे का. दुसऱ्या एकीने विचारलं, हात लावून बघू का. मी म्हटलं, त्याचा फॉर्म भरावा लागेल. ती खरंच फॉर्म कुठे आहे विचारायला लागली.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. टोपी गेल्यामुळे माझी तब्येत सुधारली अशी ऑफिसची समजूत झाली. काम पूर्ववत माझ्याकडे आलं.

संध्याकाळी मी घरी येऊन ही हकिकत सांगितली तेव्हा आई पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. इतकी की तिला पाणी द्यावं लागलं. "अगं, तो वर्गातला अंबाडा आहे," ती म्हणाली. "कामाचा वेगळा असतो. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा खाली आणला. मुलांना फळा दिसायला पाहिजे ना."

तिने मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि अंबाड्याचे आकडे एकेक काढून वाटीत टाकायला लागली. लेक शेजारी उभी राहून बघत होती. पीळ तसेच ठेवून, माथ्यावरचा सगळा डोलारा आईने मानेपाशी आणला आणि आडवा, लांबट वळसा घातला, कागदाची गुंडाळी करावी तसा. मग लेकीला म्हणाली, "आता तू लाव आकडे. केसात नाही, केसाखाली. टोचलं की ती सांगेल."

लेकीने माझ्या केसांना हात लावला. तिची बोटं गार होती. सातवा की आठवा आकडा टोचला, पण मी काही बोलले नाही.

मंगळवारी हेल्मेट बसलं. आईने त्या नव्या वळशाचा फोटो न्यू लिनला पाठवला. तिकडून आठ टाळ्या आल्या. त्या दोघींचं आता स्वतंत्र चालू झालं होतं. आई तिला मेथी आणि खोबरेल तेलाचे प्रयोग लिहायची, ती आईला बायबलमधल्या ओळी पाठवायची, आणि आई प्रत्येक ओळीला नमो बुद्धाय असं उत्तर द्यायची. कोणाचीच काही तक्रार नव्हती. पुढच्या रविवारी आईने मला मुद्दाम सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात नेऊन घाण्याच्या तेलाच्या दोन बाटल्या घ्यायला लावल्या. एक आपल्याला, एक तिला.

बॉल ज्या शनिवारी होता त्याच शनिवारी इथल्या आमच्या बौद्ध मंडळाने बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम ठेवला होता. पौर्णिमा कोणत्याही वारी येते, हॉल मात्र शनिवारीच मिळतो. सकाळी आम्ही तिघी पुन्हा न्यू लिनला गेलो. बाईने लेकीचा अंबाडा घातला, चाचणीपेक्षाही सुंदर, आणि शेवटी बाजूचे पीळ वर चढवताना थांबली. उजवा कान पूर्ण उघडा पडला होता.

"हे काय आहे?" तिने तो डाग बोटाने दाखवून विचारलं.

मी सोफ्यावरून उठले. सांगायला काहीतरी वाक्य जुळवत होते.

"मम," लेक म्हणाली. फक्त एवढंच. रागाने नाही. जन्मगाव सांगावं तसं.

बाईने माझ्याकडे बघितलं नाही. ती लेकीला म्हणाली, "एक बट सोडते इथे. झाकला जाईल. कोणाला कळणार नाही."

"नो," लेक म्हणाली. "लीव्ह इट."

मी म्हटलं, "सॉरी." आठ वर्षं उशीर झाला होता. शिवाय मी ते इंग्रजीत म्हटलं, मराठीत सोपं पडलं नसतं.

लेक म्हणाली, "असू दे." चक्क मराठीत. मग म्हणाली, "डोन्ट क्राय, मम, वी हॅव टू गो," आणि ते बरोबर होतं, कारण हॉलमध्ये खुर्च्या लावायची जबाबदारी आमच्या घराकडे होती.

तिला मैत्रिणीकडे सोडून आई आणि मी हॉलवर पोचलो. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, आणि जेवणाच्या रांगेत एका काकूंनी माझ्या मानेवरच्या वळशाकडे बघत आवाज खाली आणून विचारलं, "काही मेडिकल आहे का?"

"नाही काकू, रेट्रो आहे."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात एक जिलेबी जास्त वाढली.

जुलैत आई परत गेली. मी दर सहा आठवड्यांनी न्यू लिनला जात राहिले. सोडायचं, धुवायचं, पुन्हा बांधायचं. आरसा नाहीच. घरी कपाळाशी चार-दोन पांढरे दिसायचे, ते मी आकड्याखाली सारायचे; बाकीची मुळं काळ्या कृत्रिम केसांखाली असायची. ऑगस्टमध्ये मी साइटच्या त्या नियमात एक परिच्छेद घातला, बांधलेले केस मानेपाशी असावेत, आणि वेगळ्या मापाची हेल्मेटं मागवली. साइट मॅनेजरने वाचून "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास, असा शेरा दिला. नोकरीतलं माझं सगळ्यात वाचलं गेलेलं लिखाण तेच असावं.

सप्टेंबरमध्ये बाई म्हणाली, आता पुरे. लेक माझ्यासोबत होती आणि तिच्या फोनवर नागपूरहून आई. बाईने पीळ सोडले, धुतलं, आणि उरलेले सगळे सरळ, रंगवलेले शेंडे कात्रीने उतरवले. जमिनीवर माझी अकरा वर्षं पडली आणि तिने ती केरसुणीने गोळा केली. मग आतल्या खोलीतून, मला पहिल्यांदाच, एक हातातला आरसा आणून दिला.

मागची ती जागा भरून आली होती. डोकंभर आखूड, दाट, गोल गोल वळणं होती, लहानपणी होती तशीच. आणि जवळजवळ सगळी पांढरी.

माझं वय सत्तेचाळीस. औषधं आणि रंगाखाली हे केव्हा झालं ते मला कळलंच नव्हतं. माझे केस मला परत मिळाले होते, पण आईच्या वयाचे होऊन.

"रंग लावू का?" बाईने विचारलं. "थोडे महिने थांबून. सौम्य असतो."

फोनमधून आई म्हणाली, "दाखव गं जवळून." लेकीने फोन माझ्या डोक्याला टेकवला. आईने चष्मा कपाळावर नेला. "माझे साठीनंतर झाले," ती म्हणाली. "तू घाई केलीस."

 लेकीने माझे फोटो काढले. मी खोडायला सांगितले नाहीत.

"सध्या राहू देत," मी बाईला म्हटलं. "सोमवारी साइट आहे, पण रविवारपर्यंत मोकळेच राहू देत."

बाहेर पडलो तेव्हा न्यू लिनमध्ये पाऊस भुरभुरत होता. लेकीने विचारलं, छत्री काढू का. मी नको म्हटलं आणि गाडीपर्यंत चालत गेले.